गणूच्या वाटचं

वजन उतरल्यापासून लोक माझ्याकडे कागद मागायला येतात. सकाळी काय खाल्लंस, दुपारी काय, भात सोडलास का, लिहून दे म्हणतात. मी त्यांना अलिबागच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता देतो आणि वाटेला लावतो. भात कमी कर, तळलेलं सोड, रोज चाल, हे सांगायला माझी गरज नाही. ते तुमच्या मोबाइलवर रोज सकाळी कोणी ना कोणी पाठवतच असतं. मला ज्याने छळलं ते त्या कागदावर नव्हतंच. घरातलं माणूस मायेने ताट वाढून समोर बसलंय आणि जीव वाचवायचा तर ते ताट नाकारायला हवं, अशी ज्यांची गत झाली असेल त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी खुशाल चालायला जावं.

मी नरेश. गाव रेवसच्या अलीकडे, खाडीच्या बाजूला, खारेपाटात. घरात आई, बायको सुजाता आणि मी. मुलगी पुण्याला शिकते. आणखी एक माणूस आमच्या घरात होता, आणि गेल्यावरही तो रोज आमच्यात जेवत होता. त्याचंच हे सगळं आहे.

उभ्या उभ्या झोप

माझा धंदा ट्रेलरचा. बंदरातून कंटेनर उचलायचे आणि सांगतील तिथे नेऊन टाकायचे. हा बसून करायचा धंदा नाही, पण मी तो बसूनच केला. सकाळी ऑफिसात खुर्चीत, दुपारी गाडीत, संध्याकाळी पार्टीबरोबर हॉटेलात. ऑफिसची खुर्ची दोनदा बदलली. ड्रायव्हर पाठीमागे मला ‘चाळीस फुटी’ म्हणायचे, म्हणजे सगळ्यात लांब कंटेनर. मला ते माहीत होतं आणि राग येत नव्हता, उलट थोडा मानच वाटायचा. आमच्याकडे अंगाने भरलेला माणूस म्हणजे सुखातला माणूस.

एका दुपारी आवारात ट्रेलर मागे घ्यायचा होता. मी मागे उभा राहून ड्रायव्हरला हाताने खूण करत होतो. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणता म्हणता उभ्या उभ्या माझा डोळा लागला. माझा हात खाली गेलेला ड्रायव्हरला आरशात दिसला म्हणून त्याने ब्रेक मारला. जाग आली तेव्हा ट्रेलरची मागची पट्टी माझ्या पोटाला टेकली होती. शेठचं पोट पुढे होतं म्हणून शेठ वाचले, असं म्हणून सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन सुजाताला सांगितलं, तर ती हसली नाही.

“तुम्ही घोरता घोरता मधेच गप्प होता,” ती म्हणाली. “श्वास परत सुरू होईपर्यंत मी बघत बसते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग नव्हता. उद्या अलिबागला जायचं.”

दवाखान्यात वजनाचा काटा दाराजवळ होता, बाकांवर बसलेल्या सगळ्या पेशंटांच्या समोर. नर्सने माझ्याकडे एकदा बघितलं, काटा उचलला आणि पडद्यामागे नेला. आकडा तिने मोठ्याने वाचला नाही, नुसता लिहिला. एकशे सव्वीस. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही, पण त्या दिवशी माझ्यावर कोणी उपकार केले असतील तर तिने.

तपासण्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शुगर आहे, प्रेशर आहे, ते आपण बघू,” त्या म्हणाल्या. “मला काळजी वाटते ती लिव्हरची. चरबी साचून साचून ते कडक व्हायला लागलंय. अजून मागे फिरता येईल. पण वजन उतरलं तरच. याला गोळी नाही.”

लिव्हर हा शब्द ऐकला आणि पुढचं काही माझ्या कानात शिरलंच नाही. सुजाताने माझा हात घट्ट धरला. तिलाही तेच आठवलं होतं.

गणू

गणू माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी लिव्हरनेच गेला. सत्तावीस वर्षांचा होता, त्याच्या लग्नाचं बघत होतो. त्याने दारूचा थेंब कधी घेतला नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण लिव्हर म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. कावीळ झाली. गावठी औषधात आठवडा गेला, मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात महिना गेला. शेवटी शेवटी तो ओळखू येत नव्हता. गालांची हाडं वर आली होती आणि पिवळे डोळे तेवढे मोठे दिसत होते.

खाण्यावर त्याचा फार जीव. घरात मासा आला की आधी टोपाचं झाकण उघडून बघणारा तो. हॉस्पिटलात मोजून मापून बेचव पेज द्यायचे, आणि बाहेरचं काहीही द्यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. मी वॉर्डात शिरलो की गणू विचारायचा, “भाऊ, काय आणलंस?” मी रिकामे हात दाखवायचो. दुसऱ्या दिवशी तो परत तेच विचारायचा. असे हात दाखवून दाखवून मला वॉर्डात जायचीच भीती वाटू लागली होती.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आमच्याकडे अशा वेळी मेलेल्या माणसाला मोठ्याने वचनं देतात, त्याचं जे अडलं असेल ते सुटावं म्हणून. आईला सांभाळू, कोणी बोललं. तुझा ट्रक विकणार नाही, कोणी बोललं. कावळे तिवराच्या फांदीवर बसून बघत राहिले. ऊन डोक्यावर आलं. मामा म्हणाला, “उपाशी गेलाय पोर. जीव अन्नात हाय त्याचा.” तेव्हा मी पुढे झालो, हात जोडले आणि म्हणालो, “गणू, तुझ्या वाटचं मी खाईन. तुझं पान रिकामं राहणार नाही.”

माझं बोलणं संपतंय तोवर कावळा उतरला.

योगायोग म्हणा. हल्ली मीही तसंच म्हणतो. पण त्या दिवशी जमलेल्या सगळ्या गावाने ते पाहिलं, आणि बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या असलेल्या आईनेही पाहिलं.

दुसरं ताट

तेरावं झालं आणि त्या दिवसापासून माझं जेवण संपलं की आई आत जाऊन दुसरं ताट आणायची. दोन तांदळाच्या भाकऱ्या, वाटीभर कालवण, वर भात. वारांच्या दिवशी मासा नसला तर वालाचं बिरडं. ताट ठेवताना म्हणायची, “यो गणूचा.” मग समोर बसायची आणि शेवटचा घास पोटात जाईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघायची.

पोट भरलेलं असलं तरी मी खायचो. सुरुवातीला जड जायचं, मग सवय झाली, मग तर ते ताट आलं नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटायचं. भावासाठी हॉस्पिटलात काही करता आलं नाही, निदान हे करतोय असं वाटायचं. त्यात माझ्या अंगावर किती चढत गेलं ते मी बघितलं नाही आणि आईला तर ते बघायचंच नव्हतं.

शुगर फार वाढली होती म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला चार दिवस ॲडमिट करून घेतलं. पहाटे बोट टोचायचं, मग बिनसाखरेचा चहा, मग उपमा नावाचा चार चमचे पांढरा पदार्थ. बाजूच्या कॉटवरच्या माणसाचा डबा उघडला की मी भिंतीकडे तोंड करायचो. आणि तोंड फिरवलं की गणूचा आवाज यायचा. भाऊ, काय आणलंस? आवाज यायचा म्हणजे मला तो आठवायचा असं नाही. कानाशी कोणी बोलावं तसा यायचा. ही पोटातली आग माझी की त्याची, हे मला कळेनासं झालं होतं.

त्या चारही दिवशी आई यष्टीने अलिबागला यायची, पण वॉर्डात आली नाही. खाली दवाखान्याच्या पायरीवर पदराखाली डबा धरून बसायची आणि संध्याकाळी तो डबा तसाच घेऊन परत जायची. सुजाताने वर चला म्हटलं तर मान हलवायची. मी खिडकीतून तिचं डोकं तेवढं बघायचो.

घरी आल्यावर मी सांगितलं, “आई, दुसरं ताट आता बंद. माझ्याही ताटात भाकरी एकच.”

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. “डॉक्टर सांगतान उपाशी ठेवा, नं आपन ठेवतूं,” ती म्हणाली. “येकदा आयकला त्यांचा. आता न्हाय आयकनार.”

गणू मागत होता आणि तिने दिलं नाही, ते तिला खात असणार, असं मला वाटलं. आम्हां सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

गाडी कुठं बंद पडली?

चालायला सुरुवात केली तेव्हा घरापासून देवळापर्यंत जाऊन मी पायरीवर बसलो, आणि परत आणायला सुजाताला स्कूटर घेऊन यावं लागलं. हे लिहितोय ते हसण्यासाठी नाही, तुमचा पहिला दिवस असाच गेला असेल तर घाबरू नका म्हणून. दुसऱ्या आठवड्यात देऊळ ओलांडलं. पुढे महिन्याभरात रेवसच्या रस्त्याला लागलो.

गावात चालणं म्हणजे किती अवघड, हे शहरातल्या लोकांना कळायचं नाही. आमच्याकडे ज्याची गाडी बिघडते तोच चालतो. जो तो ब्रेक मारायचा. “शेठ, गाडी कुठं बंद पडली? बसा मागं.” नको म्हटलं तर राग. माझा एक चुलतभाऊ तीन दिवस बोलला नाही, त्याच्या जुन्या मोटरसायकलवर बसायची मला लाज वाटते म्हणून. शेवटी मी रस्ता सोडला आणि शेतांच्या मागच्या बांधावरून जायला लागलो. तिथे बगळे असायचे, आणि त्यांना मला लिफ्ट द्यायची नव्हती.

सुजाताने स्वयंपाकाची एक बाजू हातात घेतली. माझ्यासाठी भाजी, उसळ, भाजलेला मासा ती करायची. चुलीची दुसरी बाजू आईची. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत, भांडी बोलायची. एकदा मी मधे पडून दोघींना समजवायला गेलो, तर सुजाता शांतपणे म्हणाली, “आईंना त्यांचा गेलेला मुलगा सांभाळायचाय आणि मला माझा जिवंत नवरा. तुम्ही कोणाच्या बाजूने जेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

मी ठरवलं नाही, पळवाट काढली. “आई, गणूचं ताट मी तळ्यावर नेऊन खातो, तिथं त्याला आवडायचं,” असं म्हणालो. घरामागे आमचं तळं आहे, जिताडा मासा सोडलेलं. आईला ते पटलं. मग रोज मी ताट घेऊन बांधावर जायचो, घराकडे पाठ करून बसायचो आणि भाकरीचे तुकडे करून, भात-कालवणासकट पाण्यात टाकायचो. टाकताना “घे गणू” म्हणायचो. मोठ्याने नाही. रिकामं ताट घेऊन परत आलो की आई ते हातात घेऊन बघायची आणि मगच स्वतः जेवायला बसायची.

वजन उतरायला लागलं.

हाडं

शंभरच्या खाली आलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टेबलावर थाप मारली. सोनोग्राफी चांगली आली. शुगरच्या गोळ्या निम्म्या झाल्या. सुजाताने नवे शर्ट आणले. सुखाची एवढीच गोष्ट सांगता येईल, कारण गावात मी आता सुखातला माणूस राहिलो नव्हतो. “खंगला रे,” लोक सुजाताला ऐकू जाईल असं बोलायचे. कोणी विचारायचं, नक्की काय निघालंय, टाटाला दाखवलं का? एक लांबची मावशी शहाळी घेऊन मला शेवटचं बघायला आली आणि मीच दार उघडलं म्हणून तिचा विरस झाला.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण एका सकाळी दाढी करताना आरशात गणू दिसला. मी मान वळवली, त्याने वळवली. चरबीखाली इतकी वर्षं लपलेली आमच्या घराण्याची गालाची हाडं वर आली होती, दुसरं काही नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो आणि आरसा काढून फळीवर उलटा ठेवला. त्यानंतर बरेच दिवस मी सलूनमध्ये डोळे मिटून दाढी करून घेत होतो.

आईने माझ्याकडे बघणंच सोडलं. वाढताना नजर ताटात. अंघोळ करून मी उघड्या अंगाने बाहेर आलो की ती उठून परसात जायची. आणि पहाटे, चालायला जायच्या आधी मला जाग यायची, तेव्हा कधी कधी ती उशाशी वाकलेली असायची, माझ्या नाकापुढे हात धरून. मी डोळे उघडले की निघून जायची. मी बरा होत होतो आणि माझ्या घरात मी मरत असल्यासारखं सगळं चाललं होतं.

वाटायचं, वाढवावं परत वजन. खावं पोटभर, आई हसेल. एका सणाला मी खरंच दोन्ही ताटं जेवलो. आई समोर बसून बघत होती, तिचा चेहरा इतका निवांत मी वर्षभरात पाहिला नव्हता. त्या समाधानासाठी मी रोज जेवलो असतो आणि मेलो असतो. दुसऱ्या दिवशी शुगर तपासली आणि परत बांधाची वाट धरली.

तळ्यावर

जिताडा जिवंत मासा, कोळंबी खातो. भाकरीला तो तोंडसुद्धा लावत नाही. तळ्याचा मालक असून हे मला सुचू नये, यावरून मी किती वर्षं खुर्चीत बसलो होतो ते कळेल. माझी भाकरी कुठे जात होती? बाकीचे बारके मासे थोडीफार खात असतील. राहिलेली फुगून तरंगत वाऱ्याने पलीकडच्या कोपऱ्यात, गवतात जमा होत होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि तो कोपरा उघडा पडला.

मी दुपारी ऑफिसातून आलो तर आई तिथे बांधावर बसली होती. समोर पाण्याच्या कडेला भाकरीचा लगदा, त्यावर माश्या. मी शेजारी जाऊन बसलो. ओरडेल, रडेल, छाती बडवेल, असं धरून चाललो होतो.

“कवापासनं?” तिने विचारलं.

“चालायला लागलो तेव्हापासून.”

“म्हंजे तू खाल्लाच न्हाय.”

“नाही आई. मला जगायचंय. गणूला उपाशी ठेवलं तसं तू मला उपाशी ठेवतेस, असं नाही गं हे.”

तिने माझ्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी सरळ तोंडाकडे बघितलं.

“त्याला मी उपाशी न्हाय ठेवला,” ती म्हणाली.

मला वाटलं, ती काहीतरी भलतंच बोलते आहे. पण ती अगदी सावकाश, एक एक शब्द नीट लावून बोलत होती. मुंबईला असताना ती मावशीच्या खोलीवर राहायची. मावशी कामाला गेल्यावर तिने एक दिवस कालवण केलं, छोट्या डब्यात घातलं आणि पोटाशी बांधून हॉस्पिटलात आणलं. मी खाली औषधं आणायला गेलो होतो. तेवढ्या वेळात तिने काटे काढून, भात कालवून गणूला भरवलं. दोन घास.

“येवराच खाल्लान. नं सकाली रगताची उलटी, नं गेला,” ती म्हणाली. “मी मारला त्याला. समदीं बोल्लीं उपाशी गेला, उपाशी गेला. मी गप ऱ्हायले. तू त्याच्या वाटचा खाईन बोल्लास, मंग मी तुना घातला. त्याच हातानी घातला. सकाली बगाची, उठतंस का न्हाय. तू उठलास का मना वाटाचा, न्हाय, माज्या हाताला दोष न्हाय. रोज बगाची. नं आता ती बाय बोलते, खाऊन खाऊन तुजा बी लिवर गेला.”

वर्षानुवर्षं मी भावाचं ताट जेवतोय असं समजत होतो आणि ती दर सकाळी उशाशी येऊन निकाल बघत होती. मी तिचा हात धरला, तर तिने तो काढून घेतला. माझ्या अंगाला तो लागू नये म्हणून काढून घेतला.

त्या दिवसापासून आईने चूल सोडली. दुसरं ताट बंद झालं, जे मला हवं होतं, आणि त्याबरोबर सगळंच बंद झालं. भाकरी थापेना, कोणाला पाणी देईना. सुजाताने वाढलेलं चार घास खायची आणि हात पदरात गुंडाळून ओटीवर बसायची. सुजाता, जिचं तिच्याशी इतके दिवस हाडवैर चाललं होतं, ती मला म्हणाली, “तुमचं वजन उतरलं तेवढं पुरे. आता यांचं उतरायला लागलंय. काहीतरी करा.”

अलिबागहून येताना

मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. आधी सगळं सांगून ठेवलं होतं. बाईंनी खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणली, आईसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, लिव्हर त्या अवस्थेला गेल्यावर अशी उलटी होते. दोन घासांनी ती होत नाही आणि दोन घास चुकवून ती टळतही नाही. तुमच्या हाताने तो गेला नाही.” त्यांनी ते दोनदा सांगितलं, घाई न करता. मला वाटलं, सुटलो.

आईने मान डोलावली, नमस्कार केला. गाडीत बसल्यावर म्हणाली, “चांगली बाय हाय. पन ती बोलनारच.”

वाटेतलं चोंढी मागे पडलं. मला बाईंचा राग आला, आईचा आला, स्वतःचा तर आलाच. इतकं चालून, इतकं सोडून मी माझं शरीर परत आणलं होतं, आणि या एका म्हातारीला दोन घासांतून बाहेर काढता येत नव्हतं. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, मी विचारलं, “आई, खाताना काय बोलला गं तो?”

ती काचेबाहेर बघत होती.

“बोल्ला, मीठ कमी हाय,” ती म्हणाली. “डॉक्टरनी मीठ बंद केलता त्याचा. मी भिऊन घातलाच नव्हता. तोंड वाकडा केलान. नं बोल्ला, उद्या नीट कर.”

“आणि?”

“नं काय. उद्या कुटं व्हता त्याला? मंग मी करत ऱ्हायले.”

मला पुढचा रस्ता दिसेना. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. इतकी वर्षं मी त्या ताटातलं खाल्लं, पण कसं झालंय ते तिने मला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत असणार. आणि मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं. जेवायचो, ताट सरकवायचो, उठायचो. त्याच्या वाटचं जेवलेला या जगात मी एकटाच होतो, म्हणजे सांगू शकणाराही मी एकटाच होतो.

“आई,” मी म्हणालो, “गणूच्या वाटचं मी खाल्लंय. मीठ बरोबर होतं.”

तिने मान वळवून माझ्या तोंडाकडे, त्या वर आलेल्या हाडांकडे बघितलं. नजर काढून घेतली नाही.

“कवापासनं?”

“दुसऱ्याच दिवसापासून,” मी म्हणालो.